रेघेतली थरथर

बाई,

काल मुंबईहून संग्रहालयाची दोन माणसं आली आणि तुमची चित्रं घेऊन गेली. हातात पांढरे हातमोजे घालून. मला हसू आवरेना. ज्या चित्रांच्या गुंडाळ्या आपण रद्दीच्या पेपरात बांधून, वर परकराची नाडी आवळून रिक्षाने अंबडच्या कारखान्यातून तुमच्या घरी न्यायचो, त्याच गुंडाळ्या ही माणसं तान्ह्या बाळासारख्या दोन्ही हातांवर उचलत होती. त्यांच्यातली मुलगी म्हणाली, आपल्याकडे कॉम्प्युटरवर अमूर्त चित्रं काढायला ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यात यांचं नाव घ्यावंच लागेल, आणि आम्हाला यांची माहितीच नव्हती. मी म्हटलं, आम्हाला होती. जरा तोऱ्यातच म्हटलं. इतकी वर्षं कपाटावर धूळ खात पडलेल्या गुंडाळ्या अधूनमधून झटकत आले, तेवढा तोरा मला परवडतो. तुम्ही गेल्यावर तुमच्या भाच्याने खोली रिकामी केली आणि "तुम्हालाच यातलं कळतं" म्हणून सगळं माझ्याकडे आणून टाकलं होतं. मला कळतं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण टाकून द्यायचा विचार एकदाही मनात आला नाही, हे खरं.

नववीतला तो तास मला अजून दिसतो. वरच्या मजल्यावरची चित्रकलेची खोली, खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेले ब्रश. तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहता, एका दमात मोठं वर्तुळ काढता, निघालं तिथेच येऊन मिळतं, आणि म्हणता, "काढा." मला ते जमत नाही. माझं वर्तुळ बटाट्यासारखं येतं. म्हणून मी हातातली बांगडी काढून कागदावर ठेवते आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवते, बाहेरून पट्टीने झकास चौकट मारते, आणि वर्गातलं सगळ्यांत नेटकं काम आपलं आहे अशा खुशीत बसते. तुम्ही येता. कागद बघता, बांगडी बघता. दोन्ही वर धरून सगळ्या वर्गाला दाखवता. "हे वर्तुळ बांगडीचं. ही चौकट पट्टीची. मग यात तुझं काय आहे गं?" वर्ग हसतो. तुम्ही हसत नाही. "रेघ वाकडी आली तरी मला चालेल. उसनी आणू नकोस." दहापैकी दोन गुण. घरी जाऊन मी तुमच्या नावाने इतकी बोटं मोडली की आईने विचारलं, कोण मेलं.

आणि मी धंदा कोणता निवडला, तर पट्टीचा. आयटीआय केलं, अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये लागले. मशीनवर लोखंडी पार्ट घट्ट पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याला फिक्स्चर म्हणतात, त्यांची ड्रॉइंग मी करायचे. केसभर इकडचं माप तिकडे गेलं की खाली कारखान्यात माल वाया. मला ते काम मनापासून आवडायचं. मी मूळचीच सरळ रेघेची बाई. मग नव्वदच्या दशकात आमच्याकडे कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग प्लॉटर. खाटेएवढं लांब मशीन, त्यात पुढेमागे सरकणारा कागद आणि त्याच्यावर पट्ट्याने डावी-उजवीकडे धावणारं खरंखुरं शाईचं पेन. एक पेन ठेवून दुसरं आपलं आपण उचलायचं. दसऱ्याला आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, आणि साहेबांनी तो हार लगेच काढायला लावला, कारण पाकळी आत गेली असती. त्या खोलीत एसी होता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात शिरल्यासारखे सगळे दबकत शिरायचे.

तुम्ही भेटलात त्या रविवार कारंजाच्या चौकात, भाजीच्या पिशव्यांसकट. निवृत्त होऊन तुम्हाला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मला वाटलं, आता हिशेब चुकता करावा. म्हटलं, बाई, आमच्याकडे आता यंत्र आहे, एका दमात वर्तुळ काढतं, अगदी तुमच्यासारखं. तुम्ही चिडाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही मेथीची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत आणि विचारलंत, "ते वर्तुळ काढताना मला बघता येईल का?"

साहेबांच्या दोन्ही मुली तुमच्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे परवानगी मागायला गेले तर साहेबच खुर्चीवरून उठले. ऑफिसचं काम चारपर्यंत संपायचं. त्यानंतर बाईंना हवं तेवढं बसू दे, म्हणाले. पहिल्या दिवशी तुम्ही चपला काढून, पदर खोचून प्लॉटरसमोर उभ्या राहिलात आणि पेन धावायला लागल्यावर नुसत्या बघत राहिलात. मग म्हणालात, "एक चौकोन काढ. आता त्याच्यात दुसरा, थोडा फिरवून. आता तिसरा, त्याच्याहून थोडा. थांबू नकोस." मी टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, बाईंचं वय झालं. पण कागद भरत गेला तसं काहीतरी व्हायला लागलं. चौकोन दिसेनासे झाले. मधे कुठेतरी एक भोवरा तयार झाला आणि मान हलवली की तोही हलायचा. आणि रेघा थरथरत होत्या. नीट बघितलं तर प्रत्येक रेघ आपल्या जागेवरून जराशी चळलेली, धापा टाकल्यासारखी. तुम्ही कागदावर वाकलात आणि खूप हळू म्हणालात, "जिवंत आहे हे."

ते जिवंत का होतं, हे मला माहीत होतं. पट्टा सैल झाला होता. आमच्या भाषेत, मशीनला प्ले आला होता. पेन परत फिरताना जरा घुटमळायचं. आमच्या ड्रॉइंगवर मापं आकड्यांत लिहिलेली असतात, म्हणून कुणी फार मनावर घेत नव्हतं. मी तुम्हाला तसं सांगितलंही. तुम्ही म्हणालात, "असू दे, छान खेळतंय." आणि विषय संपला.

मग तुम्ही येतच राहिलात. आधी तुम्ही सांगायच्या आणि मी टाइप करायचे, पुढे तुम्हीच एका बोटाने टाइप करायला लागलात. त्या सॉफ्टवेअरला आज्ञा कशा द्यायच्या ते माझ्याकडून शिकलात. शिकवताना मी काही चुकले की तुमच्या भुवया नववीतल्यासारख्या वर जायच्या. पेनांतली तयार शाई तुम्हाला आवडेना. डॉक्टरकडून सुई आणून तुम्ही आपली शाई भरायला लागलात, पाणी घालून पातळ केलेली, म्हणजे लांबच्या रेघेला शेवटी शेवटी रंग विरत जायचा. मेन्टेनन्सचे मिस्त्री हे सगळं दारातून बघायचे. घोटीकडचे, माझ्याहून वयाने मोठे, तुमच्यासमोर कधी बसले नाहीत. तुम्ही त्यांना एकदा विचारलंत, "काय दिसतं यात?" ते बराच वेळ बघून म्हणाले, "भाताच्या खाचरात वारं शिरल्यावानी हाय." तुम्ही त्या चित्राला तेच नाव दिलंत.

नाशिकात चित्रकार म्हटलं की जलरंग आणि जलरंग म्हटलं की गोदेचा घाट. तुम्हीही आयुष्यभर तेच शिकवलंत. चित्रकार मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं तेव्हा तुम्ही ही चित्रं द्यायची ठरवलीत आणि मंडळाचे अध्यक्ष तुमच्या घरी बघायला आले. घाट रंगवण्यात उभी हयात घातलेला माणूस, तुमच्याबद्दल आदर असलेला. मी स्वयंपाकघरात पोहे करत होते आणि कान बाहेर होते. ते म्हणाले, "बाई, सुंदर आहे. खोटं कशाला बोलू. पण हात कुणाचा? उद्या ही मुलगी बटण दाबेल आणि असंच चित्र काढेल. मग ते कुणाचं म्हणायचं? मंडळात मला काय तोंड दाखवू?" मला बाहेर येऊन झारा दाखवावासा वाटला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सोमवारी कारखान्यात या. मुलीला बटण दाबू द्या. बघा आणि ठरवा." पाहुणे गेल्यावर तुम्ही पोहे खाल्ले नाहीत. बशीकडे बघत म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे त्यांचा." तेव्हा मला समजलं की अध्यक्षांपेक्षा तुम्हालाच तो प्रश्न जास्त टोचत होता. चाळीस-चाळीस पोरींना उसन्या रेघेवरून ओरडलेली बाई, आता स्वतः यंत्राच्या दारात उभी होती.

अंबडला सुट्टी शनिवारी असते. मोठी माणसं येणार हे मिस्त्रींच्या कानावर गेलं होतं. ते सुट्टीच्या दिवशी आले, प्लॉटर उघडला, नवा पट्टा टाकला, तेलपाणी केलं आणि काच पुसून ठेवली. रविवारी आपण खोलीत शिरलो तर मिस्त्री दारात उभे, अंगावर धुतलेला शर्ट. "बाई, लय दिस वळवळत व्हतं ते. टाईट करून टाकलं. आता केसाइतकं बी हालत नाय." तुमच्यासाठी केलेली भेट होती ती. माणसाचा चेहरा फुलला होता. तुम्ही त्यांचे आभार मानलेत आणि तेच भोवऱ्याचं चित्र पुन्हा काढायला लावलंत.

पेन सरसर धावलं. कागद बाहेर आला. सगळ्या रेघा जागच्या जागी, एकही चळलेली नाही. मला विचाराल तर काम पहिल्या दर्जाचं होतं. आणि चित्र मेलेलं होतं. भोवरा होता पण फिरत नव्हता. तुम्ही खुर्ची मागितलीत. बसलात आणि म्हणालात, "म्हणजे चित्र पट्ट्याचं होतं. माझं नव्हतंच." तुमचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मिस्त्रींना काय झालं ते उमगलं तशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "परत ढिल्ला करून देतो, बाई. पाच मिनटाचं काम हाय." मीही म्हटलं, करा, कुणाला कळणार आहे. तुम्ही मान हलवलीत. "नको. ती थरथर उसनी होती, मला माहीत नव्हतं एवढंच. आता माहीत आहे."

बाई, तुम्ही त्यानंतर जे केलंत ते मी आजवर किती जणांना सांगितलं असेल. तुम्ही जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी शेजारी जमिनीवर अंथरलंत आणि साडी सावरून सरळ फरशीवर बसलात. जुन्या चित्रावर बोट फिरवत निघालात. इथे हवी आहे. इथे नको होती, इथे उगाचच आहे. कडेला शांत हवं होतं, पट्टा तिथेही थरथरला. मधे अजून हवी होती, पट्ट्याने दिली नाही. बोलता बोलता तुमचा आवाज चढत गेला. तुम्ही पट्ट्याची वही तपासत होतात, आणि पट्टा नापास होत होता. शेवटी मान वर करून मला म्हणालात, "रेघ जागेवरून किती हलायची, हे आकड्यात सांगता येईल का?" म्हटलं, येईल. "मधे जास्त, कडेकडे कमी होत जाईल असं?" येईल. "आणि प्रत्येक रेघेला वेगळं? मला आधी माहीत नसलेलं?" तेही येईल, पण मग तेच चित्र पुन्हा कधीच येणार नाही. "माझं घाटाचं चित्र तरी कुठे दुसऱ्यांदा तसंच आलं," म्हणालात तुम्ही, आणि एका बोटाने टाइप करायला बसलात. कुठे आणि कुठवर हे तुम्ही ठरवलंत, त्याच्या आत नेमकं किती ते यंत्रावर सोडलंत. संध्याकाळी पहिला कागद बाहेर आला तो मी जुन्याच्या शेजारी अंथरला. जुनं चित्र त्याच्यापुढे बिचारं दिसत होतं.

सोमवारी अध्यक्ष आले. बूट बाहेर काढताना कळलं की मोज्याला अंगठ्यापाशी भोक आहे, त्यामुळे ते पाय मागे घेऊन बसले होते. साहेब, मिस्त्री, ऑफिसमधले चार जण भिंतीला टेकून उभे. तुम्ही एक चित्र काढून दाखवलंत. ते म्हणाले, "आता बाई बाहेर बसतील. ही मुलगी दाबेल." तुम्ही खरंच बाहेर जाऊन चपलांशेजारच्या बाकावर बसलात. मी बटण दाबलं. पेन धावलं, थांबलं, दुसरं उचललं. कागद निघाला तो अध्यक्षांनी तुमच्या चित्राशेजारी धरला. प्रत्येक रेघ वेगळी पडलेली, आणि तरी कुणाचं चित्र आहे हे आंधळ्यानेही सांगितलं असतं. त्यांचं समाधान झालं नव्हतं. मला म्हणाले, "आता आकडे तुझ्या मनाने घाल. तुला आवडेल तसं." मी घातले. मला आवडेल तसं म्हणजे कसं, हे तुम्हाला माहीतच आहे. थरथर काढून टाकली, भोवरा सरळ केला, अंतरं सारखी केली. कागद बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "अरे, हे तर आपलं फिक्स्चर!" आणि सगळी खोली हसली, मीसुद्धा. अध्यक्ष हसत हसतच उठले, भोकाची पर्वा न करता मोज्यांवर दारापर्यंत गेले आणि तुम्हाला म्हणाले, "बाई, आत या. तुम्ही बाहेर बसलात तरी आत तुमचंच अक्षर उमटतंय. मी हरलो म्हणायला मला आनंद होतोय."

तुम्ही आत आलात आणि आधी माझा कागद बघितलात. पर्समधून पेन्सिल काढलीत. सगळ्यांसमोर, वर्गात बघायच्या तसा तो टेबलावर ठेवून कोपऱ्यात गुण दिलेत. दहापैकी सहा. खाली लिहिलंत, "रेघ स्वतःची." आणि सही. मग तो कागद मला देऊन अध्यक्षांशी बोलायला गेलात. मी तो घडी न घालता घरी कसा नेला, ते त्या दिवशीच्या बसच्या कंडक्टरला विचारा.

प्रदर्शनाला घाटांच्या रांगेत तुमच्या चित्रांची पूर्ण एक भिंत होती. लोक घाट बघत बघत यायचे आणि तिथे अडकायचे. आमचा अख्खा कारखाना आला होता, पहिल्या पाळीचे लोक युनिफॉर्मवरच. मिस्त्री नव्या आकड्यांनी पुन्हा काढलेल्या त्या खाचराच्या चित्रासमोरून हलायलाच तयार नव्हते आणि येईल त्याला सांगत होते, "मशीन म्या टाईट केलं हाय हे." एका बाईंनी तुम्हाला विचारलं, हे कोण? तुम्ही त्यांचा दंड धरून त्यांना पुढे आणलंत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "यांनी मशीन दुरुस्त केलं नसतं तर मी अजून शिक्षिकाच राहिले असते. चित्रकार यांनी केलं मला." मिस्त्रींनी तिथल्या तिथे तुमच्या पायांना हात लावला. मला रडू फुटलं. फुटायलाच हवं होतं.

त्यानंतरची तुमची वर्षं मी पाहिली. घरी स्वतःचा कॉम्प्युटर आला, पुढे रंगीत प्रिंटर आला, प्लॉटर भंगारात गेला तेव्हा त्याचं एक पेन तुम्ही मागून घेतलंत. सत्तरी गाठली तरी शेजारच्या पोरांना "आकडा बदल, काय होतं बघ" म्हणून बसवत होतात. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यातही तुम्ही सलाइनच्या नळीतले थेंब बघत मला म्हणालात, यांच्यामधलं अंतर सारखं नाहीये, बघितलंस? मी बघितलं. खरंच नव्हतं.

काल ती संग्रहालयाची मुलगी निघताना पाणी मागायला स्वयंपाकघरात आली. ओट्याच्या वर, मिक्सरच्या मागे माझा तो कागद लावलेला आहे, काचेवर फोडणीचे डाग पडलेत. ती थबकली, जवळ गेली, कोपऱ्यातली तुमची सही वाचली आणि म्हणाली, "हेही त्यांचंच ना? हे राहिलं की." हातमोजे घालायला लागली. आजवर कुणी विचारलं तर मी "आमच्या बाईंचं आहे" एवढंच सांगत आलेय. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, माझ्या सुनेलाही.

हे पत्र मी लिहून झालं की त्याच कागदाच्या मागे सरकवून ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की काल मी त्या मुलीला म्हटलं, "नाही, ते माझं आहे." आणि बाई, म्हणताना माझा आवाज थरथरला.